गावी नेऊन ठेवण्याआधी पट्टीवरचं नाव वाचा

घणसोलीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. बॅगेत खोकल्याच्या औषधाच्या १०० मिलीच्या दोन रिकाम्या बाटल्या, नायट्राझेपाम लिहिलेली १० गोळ्यांची पट्टी (सहा गेलेल्या) आणि चिमूटभर पांढरे खडे असलेली झिपवाली छोटी पिशवी सापडली. हे काय आहे, यानं शरीराचं काय होतं, त्याच्या नकळत लघवी तपासावी का, आणि मोबाईल काढून घेऊन पंधरा दिवस साताऱ्याकडे मामाच्या गावी नेऊन ठेवलं तर सुटेल का, असं त्या विचारतात.

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण खरी जोखीम तिथे आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जवळजवळ प्रत्येक घराची पहिली योजना हीच असते: गावी नेऊ, मित्र तोडू, पंधरा दिवसांत अंगातून निघून जाईल. गांजा किंवा नुसती एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर किंवा खडे) असेल तर यातून निदान शारीरिक अपाय फारसा होत नाही. पण तुमच्या यादीत नायट्राझेपाम, म्हणजे झोपेच्या गोळ्या आहेत. त्या रोज आणि जास्त प्रमाणात घेणाऱ्याच्या अचानक बंद केल्या, तर फिट येऊ शकते. ती फिट मामाच्या घरी, रात्री दोन वाजता, तालुक्याच्या दवाखान्यापासून वीस किलोमीटरवर यावी असं कुणालाच वाटणार नाही. म्हणून कुठे न्यायचं हे नंतर बघू. आधी कोणतं द्रव्य किती दिवसांपासून आणि किती चाललंय, आणि त्यातलं काय एकदम थांबवता येतं, हे ठरवावं लागेल.

बाटल्यांपासून सुरुवात करू. लेबलवरची घटकांची ओळ वाचा. खोकल्याच्या प्रत्येक औषधात नशा नसते. अँब्रोक्सॉल किंवा लेव्होड्रोप्रोपिझिनची बाटली पिऊन मुलाला फार तर मळमळ होईल. तुम्हाला शोधायचा आहे तो शब्द कोडीन. कोडीन असलेल्या औषधात साधारणपणे दर ५ मिलीत १० मिलिग्रॅम कोडीन आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन (सर्दी-अॅलर्जीचं औषध) असतं. म्हणजे १०० मिलीची बाटली एका दमात रिचवली की २०० मिलिग्रॅम कोडीन पोटात जातं. खोकल्यासाठी मोठ्या माणसाला एका वेळी द्यायची मात्रा १० ते २० मिलिग्रॅम असते. सोबत ८० मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइनही जातं, आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. तोंडाला कोरड पडणं, छातीत धडधड, लघवी अडकणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, क्वचित फिट, हे त्याच्या खात्यातलं.

कोडीन हे अफूच्या कुळातलं. यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फीन होतं आणि नशा मुख्यतः त्याचीच. काही जणांच्या शरीरात हा बदल जन्मजातच फार झपाट्याने होतो. मित्राला ज्या बाटलीने फक्त गुंगी येते, त्याच बाटलीने अशा मुलाचा श्वास मंदावू शकतो, आणि कोण कोणत्या गटातला हे बाहेरून बघून कळत नाही. रोज पिणाऱ्यांत दिसणाऱ्या गोष्टी मात्र अगदी घरगुती असतात: चार-चार दिवस शौचाला न होणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणं, भूक मरणं, सतत खाजवणं, आणि साखरेच्या पाकामुळे पुढचे दात हिरड्यांच्या कडेने काळे पडणं. बद्धकोष्ठासाठी घरात अचानक इसबगोल जास्त लागू लागलं असेल तर तो धागा सोडू नका.

कोडीन थांबलं की आठ ते बारा तासांत त्रास सुरू होतो: जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, पायांत गोळे, पोटात मुरडा, जुलाब, रात्रभर तळमळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे कळसाला पोहोचतं आणि आठवडाभरात बरंचसं ओसरतं. गर्द ओढणारे याला टर्की म्हणतात, कोडीनची टर्की तिचीच धाकटी बहीण. धडधाकट तरुणाचा जीव यात सहसा जात नाही, पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं तर सलाइन लागू शकतं. जीव जायची पाळी येते ती पुढे. पंधरा दिवस न घेतल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. मुलगा गावाहून परततो, पहिल्याच शनिवारी जुन्या मित्रांत बसतो आणि जुन्याच हिशेबाने दोन बाटल्या पितो. आधी जे प्रमाण पचत होतं तेच आता श्वास थांबवू शकतं. अफूच्या कुळातल्या द्रव्यांपासून दूर ठेवलेली माणसं बाहेर आल्यावरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि ‘गावी नेऊन सुटली’ असं घरच्यांना वाटतं तो काळ नेमका हाच.

आता पट्टी. पट्टीच्या कोपऱ्यात लाल रंगात ‘एनआरएक्स’ असं छापलेलं दिसेल. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणाऱ्या औषधांवर ती खूण असते. नायट्राझेपाम, त्याच जातीचं अल्प्राझोलाम, कोडीन, अफूच्या कुळातलं वेदनाशामक ट्रामाडॉल ही सगळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीवर जास्त कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत येतात. २०१४ पासून दुकानदाराने अशा औषधांची स्वतंत्र वहीत रुग्ण, डॉक्टर आणि प्रमाणासह नोंद करायची आणि ती तीन वर्षं जपायची असते. तरीही मुलांच्या हातात ती पोहोचतात. रस्त्यावर या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. घरात आजीच्या झोपेच्या गोळ्या असतील तर त्याही मोजून घ्या, पुष्कळदा पहिली पट्टी तिथूनच गेलेली असते.

या गोळ्या मेंदूवर ब्रेक दाबून ठेवतात. महिनोन्‌महिने ब्रेक दाबलेला राहिला की मेंदू भरपाई म्हणून स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. मग ब्रेकवरचा पाय एकदम काढला की हात थरथरणं, घाम, आवाज-उजेड सहन न होणं, झोप पूर्ण उडणं आणि काहींना फिट किंवा भ्रम. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर बाहेर पडतं, त्यामुळे त्याचा त्रास एक-दोन दिवसांत दिसतो. नायट्राझेपामला जास्त वेळ लागतो, म्हणून पहिले दोन दिवस मुलगा ठीक दिसतो, घरच्यांना हायसं वाटतं आणि फिट तिसऱ्या-चौथ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा येते. म्हणून रोजच्या सवयीच्या गोळ्या आम्ही कमी करत नेतो, एका झटक्यात तोडत नाही. बहुतेक वेळा आधी त्याच ताकदीच्या डायझेपामवर, म्हणजे याच जातीच्या दुसऱ्या गोळीवर आणायचं (नायट्राझेपाम १० मिलिग्रॅमला साधारण १० मिलिग्रॅम डायझेपाम, अल्प्राझोलाम मात्र अर्ध्या मिलिग्रॅमलाच तेवढं) आणि मग दर एक-दोन आठवड्यांनी १० ते २५ टक्के उतरवायचं. शेवटचा चतुर्थांश सर्वांत हळू. हे आकडे तुम्हाला दिशा कळावी म्हणून दिलेत. घरी हिशेब करून गोळ्या द्यायला नव्हेत. आधी कधी फिट आली होती का, दारू चालू आहे का, दम्याचा त्रास आहे का, यावर सगळं बदलतं.

सहा गोळ्या गेल्यात यावरून काहीच ठरत नाही, हेही सांगायला हवं. महिन्यातून एखाद्या पार्टीला घेतलेल्या सहा वेगळ्या आणि परवापासून आजपर्यंत संपलेल्या सहा वेगळ्या. पहिल्या प्रकारात गोळी कमी करत नेण्याचा प्रश्नच येत नाही, दुसऱ्यात कदाचित भरती करावं लागेल.

बाटली आणि गोळी एकत्र हा या भागात फार दिसणारा आणि फार वाईट जोड आहे. कोडीन श्वासाचं केंद्र मंद करतं, गोळी त्यावर आणखी वजन ठेवते. दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं पाहिलं तर ‘इतकंच तर घेतलं’ असं वाटतं. तिसरी दारू आली की हिशेब संपला. त्यामुळे आज रात्रीपासूनच हे लक्षात ठेवा: मुलगा झोपलाय, पण घोरण्यात घरघर आहे, हलवून, जोरात हाक मारून जागा होत नाही, मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास आहेत, ओठ किंवा नखं निळसर आहेत, तर ती झोप नव्हे. १०८ ला फोन करा, त्याला डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, तोंड किंचित खाली ठेवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास अगदीच थांबला असेल तर १०८ वरची व्यक्ती सांगेल तसं लगेच सुरू करा. लिंबूपाणी, मीठपाणी, ताक, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यातलं काहीही नको. कॅज्युअल्टीत ‘कफ सिरप आणि झोपेच्या गोळ्या’ हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. अफूजन्य द्रव्याचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन इंजेक्शन तिथे देता येतं, पण त्याचा परिणाम तासा-दीड तासात ओसरतो आणि मुलगा पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. ‘शुद्धीवर आला, घरी नेतो’ असं म्हणून सही देऊन निघू नका.

पांढरे खडे. या भागात कॉलेजच्या मुलाकडे असं काही सापडलं तर पहिला संशय मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा. पण डोळ्यांनी बघून खात्री होत नाही, आणि पुडीत काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एमडी नाकाने ओढतात किंवा कागदात गुंडाळून गिळतात. असर दोन-तीन तासांतच उतरतो, म्हणून एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा ओढली जाते. या चक्रातच पैसे आणि तब्येत दोन्ही जातात. नाडी आणि रक्तदाब चढतो, घाम, दात करकर वाजवणं, जबडा आखडणं, नाकातून रक्त, बोटं गार आणि निळसर. दोन-दोन रात्री झोप नाही, मग संशय: शेजारचा आपल्यावर नजर ठेवतोय, फोन टॅप होतोय. उतार आला की १४-१५ तास झोप आणि त्यानंतर उदासी. हे दोन-तीन दिवस ‘जगून उपयोग काय’ छापाचं बोलणं गंभीरपणे घ्यायचं, खोलीला आतून कडी लावू द्यायची नाही. पुष्कळ मुलं एमडीची उतरण सोसायला म्हणूनच नायट्राझेपाम घेतात, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बॅगेतल्या तीन वस्तू हा एकाच सवयीचा पसारा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. एमडी सुटावी म्हणून तिच्या जागी देता येईल असं औषध नाही. झोप, आहार, उदासीवर उपचार आणि समुपदेशन, एवढ्यावरच काम चालतं. छातीत दुखणं, अंग तापणं किंवा आवरता न येणारा आक्रस्ताळेपणा दिसला तर घरची झोपेची गोळी देऊन शांत करायचा प्रयत्न करू नका, सरळ कॅज्युअल्टी आणि ईसीजी.

ती पुडी पर्समध्ये घालून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला डॉक्टरांना दाखवायला आणू नका. मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि ती तुमच्याकडे सापडली तर तुम्हाला उत्तरं द्यावी लागतील. फोटो पुरे. पट्टीचे पुढून-मागून आणि बाटलीच्या लेबलचेही फोटो काढा.

गांजाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बहुधा तोही असेल. तो एकदम थांबवला तरी फिट येत नाही, चिडचिड आणि झोप न लागणं एक-दोन आठवडे असतं. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर मात्र गांजा हलक्यात घेऊ नका. व्हाइटनर-सोल्युशन हुंगणं हे जास्त करून लहान वयात दिसतं, त्यात पहिल्याच खेपेला हृदयाची लय बिघडून मृत्यू होऊ शकतो. आणि जिममध्ये जात असेल तर मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनबद्दल विचाराच. भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणायचं हे औषध, ठाणे-नवी मुंबईत व्यायामाआधी टोचून घेणारी मुलं सापडतात. सुई आली की एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या आल्या.

लघवीचं किट. नकळत तपासू नका. एक तर १९ वर्षांच्या मुलाची लघवी नकळत मिळवायची कशी, हा प्रश्न आहेच, आणि कळलं की बोलणं बंद होतं. दुसरं, किट तुम्हाला वाटतं तेवढं सांगत नाही. किटमधल्या अफूच्या पट्टीवर कोडीन एक ते तीन दिवस दिसतं, पण ट्रामाडॉल आणि त्याच्यासारखंच वेदनाशामक टॅपेन्टाडॉल त्या पट्टीवर दिसत नाहीत. नेहमीच्या किटवर एमडी बहुतेक वेळा सुटून जाते. गांजा एखाद्या वेळी ओढलेला असेल तर तीनेक दिवस, रोजचा असेल तर महिनाभरसुद्धा दिसतो. म्हणजे ‘सगळं निगेटिव्ह’ आलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही आणि एक रेघ पॉझिटिव्ह आली म्हणून किती आणि कधीपासून हे कळत नाही. किटचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर, मुलाच्या संमतीने.

मग कळायचं कसं? विचारून. तो नशेत असताना नाही, रात्री बाराला तो घरात शिरताना नाही, आणि सगळं कुटुंब गोल करून तर नाहीच. सकाळी उशिरा, एकट्याने, आई किंवा बाबा, ज्याच्याशी तो जास्त बोलतो त्याने. ‘का करतोस?’ हा प्रश्न पहिले काही दिवस बाजूला ठेवा, त्याला उत्तर नसतं. त्याऐवजी: दिवसातली पहिली बाटली किंवा गोळी किती वाजता लागते? एक दिवस नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाला काय होतं? एका दिवसात जास्तीत जास्त किती? कधी बेशुद्ध झालास का, फिट आली का? पहिल्या दोन उत्तरांवरच ओपीडीत आमचा अर्धा निर्णय होतो. उठल्या उठल्या लागत असेल आणि न मिळाल्यास नाक गळतं, हात थरथरतात असं तो म्हणाला, तर शरीर अडकलंय. डॉक्टरांनी बघेपर्यंत घरी जबरदस्तीने काही बंद करू नका. डॉक्टरांकडे नेईपर्यंतच्या एक-दोन दिवसांत त्याने थोडं घेतलं तर ते अचानक तुटण्यापेक्षा कमी धोक्याचं आहे. आई-वडिलांना हे वाक्य ऐकवत नाही याची कल्पना आहे. त्या दिवसांतही बाटली, गोळी आणि दारू एकत्र होऊ नयेत, आणि रात्री तो एकटा नसावा.

कुठे न्यायचं हे थोडं तुमच्या सोयीवर आहे. तुम्हाला वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय हेही रेल्वेने जमण्यासारखं. मनोरुग्णालयाच्या नावाला बिचकू नका. जायच्या आधी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला तर कोणत्या दिवशी कुठे ओपीडी असते ते विचारता येईल. खासगी केंद्र निवडत असाल तर तीन प्रश्न पुरेत: मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात की ‘ऑन कॉल’ आहेत, आणि पहिल्या आठवड्यात पालकांना भेटू देतात का. ‘आमची माणसं गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात’ असं सांगणाऱ्या केंद्राचा फोन तिथेच ठेवा. मुलगा सज्ञान आहे. मानसिक आरोग्याच्या याच २०१७ च्या कायद्यानुसार त्याच्या इच्छेविरुद्ध भरती फक्त ठरावीक गंभीर परिस्थितीत, तज्ज्ञांच्या तपासणीनंतर आणि मुदतीपुरतीच करता येते.

पोलिसांची भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. उपचाराला आलेल्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला डॉक्टर बांधील आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये, फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगण्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. तो इतरांना विकत असेल तर ही सवलत लागू होत नाही, तेव्हा वकील गाठा.

कोडीनची सवय पक्की असेल तर डॉक्टर बुप्रेनॉर्फिन (अफूच्या कुळातलंच, पण टर्की आणि ओढ आवरणारं औषध) सुचवतील. जिभेखाली ठेवायची गोळी, टर्की सुरू झाल्यावरच पहिली द्यायची. बाटली पिऊन दोन तासांत दिली तर टर्की एकदम अंगावर कोसळते आणि मुलगा म्हणतो ‘औषधानेच मारलं’. म्हणून शेवटची बाटली कधी घेतली याबद्दल त्याने खोटं बोलू नये, एवढं त्याला समजावून न्या. नाल्ट्रेक्सोन हे अफूची नशा चढू न देणारं दुसरं औषध सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे गेल्यावरच. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असं नातेवाईक म्हणतील, त्यांना म्हणू दे. रोजची ठरलेली मात्रा घेऊन कॉलेजला जाणारा मुलगा बाटलीच्या मागे फिरणाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. किती महिने लागतील ते आत्ताच कुणी सांगू शकत नाही, सहा महिने ते वर्ष धरून चला. मध्ये एक-दोनदा घसरला तर सगळं पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, पण लपवाछपवी झाली तर मात्र पंचाईत होते.

मामाचं गाव वाईट नाही, ताई. गोळ्या कमी करून संपल्या, झोप जागेवर आली, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की जरूर न्या. जाताना औषधाची चिठ्ठी आणि पुढच्या तारखेचा कागद सोबत असू दे.

आत्ता मला दोन गोष्टी कळवा: पट्टीवर ५ मिलिग्रॅम लिहिलंय की १०, आणि बाटलीच्या लेबलवर कोडीन हा शब्द आहे की नाही. तेवढ्यावर वाशीला उद्याच जायचं की दोन दिवस थांबून बोलून घ्यायचं, हे जास्त नेमकं सांगता येईल. पण त्याआधी हाताला थरथर किंवा फिट दिसली, किंवा तो नीट जागा होईना, तर उत्तराची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा.